काँक्रीट विकणारा लाइनबॅकर

पेनसिल्व्हेनियात आमच्या जवळच बेथलेहेम नावाचं गाव आहे. पोलाद कारखाना केव्हाच थंडावला, पण त्याच्या गंजलेल्या उंच भट्ट्या नदीकाठी अजून ओळीनं उभ्या आहेत. घरी पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेते आणि अमेरिकन फुटबॉलपटू चक बेडनारिकबद्दल सांगते.

चक १९२५ साली इथेच जन्मला. आईवडील स्लोव्हाकियातून आलेले, वडील याच कारखान्यात कामगार. शाळा संपताच पोरगा युद्धावर गेला. बी-२४ बॉम्बर विमानात बंदूक सांभाळत त्यानं जर्मनीवर ३० मोहिमा केल्या आणि धडधाकट परतला. मग विद्यापीठ, आणि १९४९ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्स हा व्यावसायिक संघ. १४ हंगामांत त्याचे जेमतेम ३ सामने चुकले.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाईचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे. चेंडू समोरच्या संघाकडे गेला की सगळी फळीच बदलते. चक मूळचा लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पहिल्या रांगेमागे उभा राहून फुटून येणाऱ्याला लोळवणारा. १९६० मध्ये तो चढाईत सेंटर, म्हणजे रांगेच्या मधोमध राहून चेंडू मागे देणारा, म्हणून खेळत होता. त्यात बचावातला सहकारी जायबंदी झाला, आणि पस्तिशीच्या चकनं दोन्ही कामं अंगावर घेतली.

त्याच नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये त्यानं न्यूयॉर्क जायंट्स संघाच्या फ्रँक गिफर्डला अशी धडक दिली की गिफर्ड बेशुद्ध पडला आणि १९६१ चा अख्खा हंगाम मुकला. खाली निपचित गिफर्ड, वर मूठ उगारलेला चक, हा फोटो इथे सगळ्यांना माहीत आहे. तो आनंद सुटलेल्या चेंडूचा होता, असं चक शेवटपर्यंत सांगत राहिला. माझा त्यावर विश्वास आहे. तरी तो फोटो मला कौतुकानं बघवत नाही. २०१५ मध्ये गिफर्ड गेल्यावर त्याच्या मेंदूत वारंवार मार बसून होणारा आजार आढळला होता.

मला आवडतो तो २६ डिसेंबर १९६० चा अंतिम सामना. फ्रँकलिन फील्डवर ईगल्स १७-१३ नं पुढे, शेवटचे काही सेकंद, आणि ग्रीन बे संघाचा जिम टेलर चेंडू घेऊन गोलरेषेच्या अगदी जवळ आलेला. चकनं त्याला कवेत घेऊन पाडलं आणि घड्याळ संपेपर्यंत उठूच दिलं नाही. कबड्डीत कसलेला कोपरारक्षक चढाईपटूला दम तुटेपर्यंत धरून ठेवतो, अगदी तसं. त्या दिवशी ६० पैकी ५८ मिनिटं तो मैदानात होता.

हंगाम संपला की हाच माणूस काँक्रीट विकायचा, कारण खेळाच्या पगारात घर चालत नसे. म्हातारपणी त्याची बोटं वेगवेगळ्या दिशांना वाकली होती. अर्धाच वेळ खेळून कोट्यवधी कमावणाऱ्या आजच्या खेळाडूंवर तो उघडपणे चिडायचा. पुष्कळांना तो त्यामुळे कडवट वाटे. मला त्याची चीड रास्तच वाटते.