सगळं पाळते, तरी झोप का येत नाही?

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगनंतर, कधी तर लिफ्टमध्येसुद्धा. मी स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे हे कळलं की प्रश्न येतोच, आणि तो जवळजवळ याच शब्दांत येतो: "मोबाईल लवकर बाजूला ठेवते, संध्याकाळचा चहा सोडला, झोपताना जायफळ घालून दूध घेते. तरी डोळ्याला डोळा लागत नाही. माझं काय चुकतंय?" आजवर दोन वाक्यांत उत्तर देऊन मी निघून जायचे. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

तुमचं बहुधा काहीच चुकत नाहीये. एवढ्या निष्ठेनं नियम पाळणाऱ्या माणसाला "अजून नीट पाळा" असं सांगणं मला क्रूरपणाचं वाटतं.

माझं काम रात्री नऊला सुरू होतं. पेशंटच्या नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरायची, पेन्सिलीनं खुणा करायच्या, त्या जागा घासून पेस्टनं तारा चिकटवायच्या. मग रात्रभर शेजारच्या खोलीत बसून मेंदूच्या लहरी बघायच्या. तीस सेकंदांचं एक पान. सात तासांची आठशे चाळीस पानं होतात. सकाळी तारा काढताना काही जण म्हणतात, "रात्रभर टक्क जागा होतो." मी तर त्यांच्या झोपेची पानांमागून पानं पाहिलेली असतात. पण ते खोटं बोलत नसतात. झोप तुटक आणि हलकी असली की मधली जागच तेवढी लक्षात राहते. "अहो, झोपला होतात की" असं मी त्या क्षणी कधीच म्हणत नाही. रात्रभर तळमळलेल्या माणसाला त्यात फक्त अविश्वास ऐकू येतो.

आता नियमांबद्दल. 1977 साली पीटर हाउरी या संशोधकानं डॉक्टरांसाठी झोपेच्या सवयींची एक यादी केली, आणि आज मोबाईलवर तुम्हाला येणाऱ्या याद्यांचं मूळ बरंचसं तिथं आहे. त्यातले नियम खोटे नाहीत. 2013 च्या एका प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी 400 मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तरी त्या रात्रीची झोप तासाभराहून जास्त घटली. आपल्या कटिंग चहात तेवढं कॅफीन नसतं, पण दुपारी चारची कडक कॉफी रात्री दहापर्यंत अंगात असते हे खरं.

प्रश्न असा की महिनोन् महिने हटून बसलेला निद्रानाश नुसत्या या नियमांनी बरा होतो का? संशोधनात या नियमांचं काय होतं ते फार कमी लोकांना माहीत असतं. निद्रानाशाच्या कितीतरी चाचण्यांमध्ये एका गटाला खरे उपचार देतात आणि तुलनेसाठीच्या दुसऱ्या गटाला देतात ही नियमांची यादी! अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिननं 2021 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, नुसती ही यादी हा उपचार म्हणून वापरू नये, असाच कौल दिला. तण काढलं म्हणजे पेरणी झाली असं होत नाही, तसंच हे.

पेरणी कशी करायची हेही माहीत आहे. 1972 मध्ये रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञांनी सांगितलं की झोप येत नसताना अंथरुणात पडून राहू नका, उठा, आणि पेंग आली की परत या. नाहीतर अंथरूण म्हटलं की तळमळ, एवढंच शरीर शिकतं. 1987 मध्ये आर्थर स्पीलमन या मानसशास्त्रज्ञांनी आणखी कठीण गोष्ट सांगितली: झोप जितके तास लागते तितकेच तास अंथरुणात राहा.

माझ्या शेजारच्या काकूंचं सांगते. त्या नऊलाच आडव्या व्हायच्या, कारण "झोप लागायला वेळ लागतो ना, म्हणून लवकर." उठायच्या सहाला. अंथरुणात नऊ तास, आणि दोन आठवडे झोपेच्या वेळा लिहिलेल्या वहीतून निघालेली झोप जेमतेम साडेपाच. डॉक्टरांनी वेळ ठरवून दिली: रात्री बारा ते पहाटे साडेपाच, दुपारी आडवं व्हायचं नाही. ऐकून त्या माझ्यावरच चिडल्या. पहिला आठवडा वाईट गेला, त्यांची चिडचिड घरभर झाली. रात्री जागं राहायला त्यांनी मोड आलेले वाल काढले. दहापासून मंद दिव्याखाली ताट मांडीवर घेऊन बिरडं सोलत बसायच्या. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री हातात वाल धरूनच मान कलायला लागली. मग झोपायची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी मागे आणली. सव्वादोन महिन्यांनी त्या पावणेअकराला झोपून साडेपाचला उठत होत्या.

हे मनानं सुरू करू नका. फिट येणाऱ्यांना, बायपोलर आजार असणाऱ्यांना आणि रात्री गाडी चालवणाऱ्यांना यात धोका आहे. सीबीटी-आय या, निद्रानाशासाठी सवयी आणि विचार बदलणाऱ्या उपचारात हे सगळं येतं, आणि अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं 2016 मध्ये गोळीच्या आधी हाच उपचार द्या असं सांगितलं. आपल्याकडे तो देणारे फार थोडे आहेत, गोळी मात्र सहज मिळते. याचा मला मनापासून त्रास होतो.

आणि ज्यांच्या हातात काहीच नसतं त्यांचं काय? चेन्नईत कमी उत्पन्नाच्या 452 जणांवर झालेला एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. ती माणसं आठ तास अंथरुणात असायची, पण झोप साडेपाच तासच. उकाडा, डास, आवाज. डोळ्यांवरच्या पट्ट्या, इअरप्लग, पंखे, सल्ला, वर पैसेही देऊन झोप रात्रीला सत्तावीस मिनिटांनी वाढली, पण कामात किंवा तरतरीत फरक दिसला नाही. फरक पडला तो कामाच्या जागी दुपारी मिळालेल्या अर्ध्या तासाच्या शांत डुलकीनं. तुकड्यातुकड्यांची झोप वाढवून तुकडेच वाढतात, असा मी त्याचा अर्थ लावते. (काकूंना दुपारची झोप मना आणि इथं तीच औषध, हे विसंगत नाही. त्यांना झोप लागत नव्हती, यांना झोपू दिलं जात नव्हतं.)

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला उलट विचारते: घोरता का? लॅबमध्ये येणारे बहुतेक त्यासाठीच येतात. घोरता घोरता श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबतो, मेंदू दचकून जागा होतो, परत झोपतो, आणि हे रात्रभर चालतं. त्यावर दूध, जायफळ, अंधार, काही चालत नाही. स्वतःला ते कळतही नाही, म्हणून शेजारी झोपणाऱ्याला विचारा. श्वास थांबतो असं त्यांनी सांगितलं, किंवा दिवसा बसल्याजागी पेंगायला होत असेल, तर वही-बिही नंतर, आधी तपासणी.

तसं काही नसेल तर साधी शंभर पानी वही घ्या. अंथरुणात कधी गेलात, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा उठलात, सकाळी कधी उठलात. सकाळी चहाबरोबर लिहायचं, रात्री घड्याळ बघून नाही. दोन आठवडे झाले की ती घेऊन डॉक्टरांकडे जा. लिफ्टमध्ये मला दाखवलीत तरी चालेल.