मला दंड झाला, पावतीसकट

गेल्या मंगळवारी मला जंगलात दंड झाला. 500 रुपये, नेपाळी. आपले 312 रुपये 50 पैसे, कारण इथल्या 160 चे आपले 100 हा दर कित्येक वर्षं हललेला नाही.

गुन्हा असा, की मी चिलाउने नावाच्या झाडाचं अंगठ्याएवढं जाड रोपटं तोडलं.

नेपाळच्या काभ्रेपलांचोक जिल्ह्यातल्या एका सामुदायिक वनात कार्ययोजनेच्या, म्हणजे जंगल कसं राखायचं-वापरायचं याच्या आराखड्याच्या, नूतनीकरणासाठी मोजणी आणि नकाशाचं काम चालू होतं. 12.62 मीटर त्रिज्येचा गोल आखायचा, म्हणजे 500 चौरस मीटर होतात, आणि आतल्या प्रत्येक झाडाची छातीच्या उंचीवर जाडी घ्यायची. गोलाच्या मध्ये रोवायची खुंटी गाडीत राहिली होती आणि गाडी खाली, पाऊण तासाच्या उतारावर. मी विळा मागितला, एक सरळसोट रोपटं छाटलं, टोक काढलं, रोवलं. गडचिरोलीत सहा वर्षं हेच करत होते. सोबत हेरालु दाइ होते. दाइ म्हणजे दादा. हेरालु म्हणजे उपभोक्ता समूहाने, म्हणजे ते जंगल राखणाऱ्या-वापरणाऱ्या गावकऱ्यांच्या गटाने, स्वतःच्या पैशातून ठेवलेला जंगलाचा राखणदार. ते काही बोलले नाहीत. दिवसभर टेपचं दुसरं टोक धरून उभे होते, माझ्या वाटचं पाणीही त्यांनीच वाहिलं. संध्याकाळी समूहाच्या ऑफिसात चहा आला आणि चहामागोमाग पावतीपुस्तक आलं.

"म्याडम, एउटा चिलाउने," कोषाध्यक्ष दिदी म्हणाल्या आणि त्यांनी दाइंकडे पाहिलं. दाइंनी मान हलवली, माझ्याकडे न बघता.

मला आधी हसू आलं. मग म्हटलं, अहो, नकाशा तुमच्यासाठीच चाललाय ना? दिदींनी विधानाची, म्हणजे समूहाच्या नियमांची, वही उघडून दंडाच्या यादीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "रूख पनि हाम्रै हो नि." झाडही आमचंच आहे की.

पैसे दिले. पावतीवर माझं नाव, तारीख 2081 सालातली, कारणाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात 'चिलाउने 1'. (या विक्रम संवतापायी माझ्या फायलींच्या नावांचा जो खेळखंडोबा झालाय, त्यावर वेगळी पोस्ट होईल. इथला 1993 चा, आता जुना झालेला वन कायदा कागदोपत्री 2049 चा आहे. पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं, यांनी सवडीने पुढचाही करून ठेवलाय.)

रात्री ललितपूरला खोलीवर येईपर्यंत माझा राग उतरला नव्हता. रक्कम काही मोठी नव्हती. पण सहा वर्षांत मला कुणी दंड केला नव्हता, आणि हे मला तोवर चांगलंच लक्षण वाटत आलं होतं.

तिकडून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: नेपाळ म्हणजे काय परदेश? सासूबाई तर शेजारी "जरा उत्तरेकडे असते" असं सांगतात. व्हिसा नाही, देवनागरीच वाचायची, दुकानात हिंदी चालते. पण जंगलाच्या बाबतीत हा फार परका देश आहे. 1957 मध्ये इथल्या सरकारने खाजगी जंगलं राष्ट्रीय केली. त्यानंतर लोकांनी ती आपली मानणं सोडलं आणि डोंगर बोडके होत गेले, असं इथली म्हातारी माणसं सांगतात. मग सरकारनेच हळूहळू उलटी वाट धरली: 1978 मध्ये पंचायतींना वनं, 1993 च्या कायद्याने थेट वापरणाऱ्यांच्या समूहांना. आज असे 22,000 हून जास्त समूह आहेत. कार्यसमितीत निम्म्या बायका हव्यात, अध्यक्ष किंवा सचिव यांपैकी एक बाई हवीच. उत्पन्नातला किमान 25 टक्के पैसा जंगलावरच खर्चायचा. 1992 मध्ये देशातलं वनाच्छादन साधारण 26 टक्के होतं, 2016 पर्यंत ते 45 च्या घरात गेलं. उपग्रहांच्या जुन्या-नव्या चित्रांतून निघालेले आकडे आहेत हे, भाषणातले नाहीत.

पण मला भुरळ घातली ती त्यांच्या माइन्युटने. माइन्युट म्हणजे बैठकीची वही, लाल पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली. या समूहाच्या कपाटात अशा अकरा वह्या आहेत. मी तीन संध्याकाळी त्या वाचत बसले, कामासाठी लागत नव्हत्या तरी. कोणाला गोठ्यासाठी सल्ल्याचा, म्हणजे पाइनचा, एक वासा दिला. कोणाच्या घरी मयत झालं म्हणून सरण फुकट दिलं. पातेर, म्हणजे गुरांखाली अंथरायला पडलेली पानं, कोणत्या महिन्यात किती दिवस गोळा करू द्यायची, यावर एकाच बैठकीत दीड पान. एका ठिकाणी खुद्द अध्यक्षांच्या म्हशीला दंड, आणि खाली अध्यक्षांचीच सही. ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे, डावा-उजवा दोन्ही. ठराव क्रमांक, उपस्थिती, समाप्तीची वेळ. मी कार्यशाळांमध्ये 'लोकसहभाग' या विषयावर किती स्लाइड्स दाखवल्या असतील! त्यांत एकही म्हैस नव्हती.

आता इथे कुणीतरी म्हणेल, झालं, परदेशात गेली आणि कौतुकं सुरू. म्हणून सांगते, मी इथे जेवणाच्या प्रत्येक पंगतीत मेंढा लेखाची गोष्ट सांगते. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवलेलं गडचिरोलीतलं गाव, सुमारे 1,800 हेक्टर. एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक द्यायला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. आणि 'आमच्या गावात आम्हीच सरकार' हे तर ही मंडळी किती आधीपासून म्हणत होती. शिवाय कायदा म्हणून बघाल तर आपला वनहक्क कायदा सरसच आहे. आपल्याकडे हक्क 'मान्य' होतो, म्हणजे तो आधीपासून होताच. इथे जंगल 'हस्तांतरित' होतं. जमीन सरकारची ती सरकारचीच, कार्ययोजना मोडली तर डिव्हिजन वन कार्यालय ते परत घेऊ शकतं. योजनेची मुदत संपली आणि नूतनीकरण अडलं, तर समूहाला स्वतः राखलेलं झाडही तोडता येत नाही. माझी नोकरी चालते ती या अडलेल्या नूतनीकरणांवरच.

हे सगळं मी एकदा ऑफिसातल्या सहकाऱ्याला ऐकवलं. त्याने शांतपणे विचारलं, "अनि अरू गाउँ?" आणि बाकीची गावं? मी सांगितलं, एकट्या गडचिरोलीत हजाराहून जास्त गावांना सामूहिक हक्क मिळालेत, कित्येक ग्रामसभा तेंदूचे लिलाव स्वतः करतात, हिशेब ठेवतात. खरंच आहे ते. पण त्या हजारातल्या ज्या गावांत मी दाव्यांचे नकाशे करत हिंडले, तिथे मी 'मॅडम' होते. मॅडमसाठी खुर्ची यायची. मॅडमने जीपीएस काढलं की माणसं बाजूला सरकायची. मॅडमने रोपटं तोडलं तर पुढचं रोपटं कुणीतरी आधीच तोडून हातात द्यायचं. किती तोडली असतील, हिशेब करवत नाही.

तिथून का निघाले हेही विचारतात. एका कार्यालयाने एकाच गावाचा दावा तीनदा परत केला. कारण काय, तर नकाशातली हद्द वनखात्याच्या कक्षाच्या, म्हणजे जंगलाच्या आखलेल्या तुकड्याच्या, हद्दीशी जुळत नाही. जुळणार कशी? जुने नकाशे 1830 च्या एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या गणिती मापावर, बेतलेले, जीपीएसचा गोलाभ वेगळा. रूपांतर न करता एकावर एक ठेवले की जंगल शेजारच्या गावाच्या धानात जाऊन बसतं. मी तिन्ही वेळा समजावून सांगितलं, तिसऱ्यांदा जरा आवाज चढवून. पगार इथे बरा आहे हेही एक कारण आहे, ते का लपवा. गंमत म्हणजे इथले जुने नकाशेही त्याच एव्हरेस्टवर आहेत. तोच घोळ मी इथे रोज निस्तरते, फक्त आवाज चढवावा लागत नाही.

दंडाच्या दुसऱ्या दिवशी नकाशा दाखवायचा होता. हद्द सगळ्यांनी मिळून चालत आखली होती, त्यामुळे तिच्यावर वाद नव्हता. मग मी पडद्यावर उपग्रहाची दोन चित्रं शेजारी शेजारी लावली, वीस-बावीस वर्षांच्या अंतराची. जंगलाच्या खालच्या अंगाला हिरवा रंग उतारावरून ओघळत घरांपर्यंत आलेला. मी जरा अभिमानानेच म्हटलं, बघा, तुमचं वन हद्दीबाहेरही वाढतंय.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दिदी उठल्या, पडद्यापाशी आल्या आणि हिरव्या तुकड्यांवर एकेक बोट ठेवत गेल्या. ही अमक्याची बारी, तो कतारला. ही धाकट्या दिराची, तो मलेशियात. ही आमची, मुलगा दुबईला, माझे गुडघे दुखतात. बारी म्हणजे डोंगरउतारावरचं मक्याचं, कोदोचं (आपली नाचणी) शेत. नांगर थांबला की आधी वनमारा हे तण माजतं, मग उत्तिसाची झाडं उगवतात. माझ्या पडद्यावर 10 मीटरचा एक चौकोन हिरवा होतो. तो राखल्यामुळे हिरवा झाला की सोडून गेल्यामुळे, हे सेन्टिनेल उपग्रहाला कळत नाही. मलाही कळलं नव्हतं. मी त्या भागाला 'नैसर्गिक पुनरुत्पादन' असं लेबल लावून टाकलं होतं.

नाशिकजवळ आमचीही तीन एकर पडीक आहे. बाबा गेल्यापासून कुणी कसत नाही. त्याचं उपग्रहचित्र मी आजवर उघडून पाहिलेलं नाही, आणि त्या रात्रीही पाहिलं नाही.

लेबल बदललं. दिदींनी सुचवलं ते 'बाँझो बारी', म्हणजे पडीक शेत. अहवाल इंग्रजीत जाणार, तरी शब्द तोच ठेवलाय. वरचे साहेब खोडतील तेव्हा बघू.

पावती मी ऑफिसात लावली. हिशेबनिसाने चष्मा वर करून विचारलं, कोणत्या हेडखाली टाकू? 'साहित्य' लिहावं तर खुंटी विकत घेतली असं होतं, 'प्रवास' तर नाहीच, आणि 'दंड' असं हेड आमच्याकडे नाही. पावती परत घेतली, पाकिटात ठेवली. पुढच्या मंगळवारी उरलेले सात प्लॉट आहेत. सॅकमध्ये बांबूच्या दहा खुंट्या आत्ताच टाकून ठेवल्यात. बाजारातून आणलेल्या, बिलासकट. हेरालु दाइ विचारतीलच.