केसाळ गायीची यादी

जानेवारीत तो दवाखान्यात आला तेव्हा मी एका बोकडाच्या मुतखड्याशी झटत होतो. अर्धा तास मुकाट बाकावर बसून राहिला आणि माझे हात धुऊन झाल्याबरोबर त्यानं फोन पुढं धरला. "डॉक्टरकाका, ही गाय आपल्याकडं जगंल का?"

स्क्रीनवर धुकं, ओलं कुरण आणि डोळ्यांवर झिपऱ्या आलेली तांबडी गाय. स्कॉटलंडची हायलँड. लोक तिला मिठ्या मारत होते.

त्याच्या वडलांना मी ओळखायचो. मंगळवेढ्याच्या कोरडवाहू पट्ट्यात तीन एकर, त्यात डाळिंब. तेल्या रोगानं बाग गेली, पाठोपाठ वडीलही गेले. मग पोरगा पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून आईजवळ राहायला आला. दोन खोल्या बांधायच्या, शहरातल्या लोकांना राहायला द्यायच्या, गायीबरोबर फोटो काढू द्यायचे, असा बेत. बेतात काही वाईट नव्हतं. गायही वाईट नव्हती, फक्त पत्ता चुकला होता.

मी हसलो. कंपाउंडर आत डोकावला इतक्या मोठ्यानं हसलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझं सगळं त्या हसण्यापाशीच अडलंय.

मग मला चेव आला. म्हटलं, बाबा, ही गाय वाऱ्या-पावसासाठी घडलीय. अंगावर केसांचे दोन थर. वरचा लांब, तेलकट, पाणी निथळून जावं असा, आणि आतला लोकरीसारखा मऊ. हिवाळ्यात तिला तिकडं गोठाही लागत नाही. आपल्या म्हशी ज्याला तोंड लावणार नाहीत असल्या चाऱ्यावर भागवते. कालवड सावकाश भरते, पण गाय म्हातारी होईपर्यंत वेत राहते. १८८५ पासून तिच्या वंशावळीची वही छापली जाते. छोट्या शेतावर लोक तिला पाळतात ते याचमुळं. पण ती मांसाची गाय, दूध फार तर वासरापुरतं. गोऱ्हा झाला तर तिकडं खाटकाकडं जातो. आपल्याकडं २०१५ पासून बैल कापायलाही बंदी आहे. आठ क्विंटलचा झिपऱ्या वळू, ना औताला ना शर्यतीला, तू काय त्याच्या वेण्या घालणार? आणि परदेशातनं जिवंत जनावर आणायचं म्हणजे केंद्राची परवानगी, क्वारंटाईन, कागदांचा ढीग.

"आणली असं समजा," तो म्हणाला. कॉम्प्युटरवाले असंच बोलतात.

समजलो. आणि सांगत गेलो. गोठा लांबीनं पूर्व-पश्चिम हवा, म्हणजे दुपारचं ऊन आत शिरत नाही. पत्रा कडेला दहा फूट, मध्ये चौदा, आणि आढ्याला गरम हवा निघून जायला फट. पत्र्यावर उसाचं पाचट, ते जमलं नाही तर निदान चुना मार. पिण्याचं पाणी सावलीत आणि चोवीस तास, जनावरामागं शंभर-सव्वाशे लिटर धर. पाण्याचा काळा पाईप जमिनीत गाड, नाहीतर दुपारी टाकीत चहाच पडतो. दुपारी कडबा टाकायचा नाही. कोरडी वैरण पोटात आंबताना आतनं भट्टी पेटते, म्हणून जास्तीची वैरण सूर्य मावळल्यावर टाकायची. आंबोणात खायचा सोडा आणि मीठ. मार्च लागायच्या आत मशीननं केस उतरव. गोचीड बघायला रोज केसात बोटं घाल, कासेपाशी, कानात, शेपटीखाली. फवारा असा बसव की पाणी केसांवर न थांबता कातडीपर्यंत गेलं पाहिजे, आणि त्यावर पंखा. नुसत्या धुक्याचा उपयोग नाही. आपली हवा कोरडी आहे हे आपलं नशीब, ओल्या अंगावर वारा घातला की जनावर खरंच थंड होतं. कोकणात हे इतकं सोपं नाही. आणि घरात थर्मामीटर ठेव. जनावराचा १०१.५ हा आकडा आईलाही पाठ करून दे.

खताच्या दुकानातनं मिळालेल्या डायरीत तो नंबर टाकून लिहून घेत होता. अकरा मुद्दे झाले. मग डायरी मिटून म्हणाला, "एवढं करून हे परवडायचं नाही. त्यापेक्षा एचएफ घेऊ का, काका?"

"घे की. आख्खा तालुका पाळतोय."

एवढंच बोललो. एचएफ म्हणजे होल्स्टीन, काळी-पांढरी विदेशी दुधाळ गाय. पुढचा पेशंट टेबलावर आला होता. एका मास्तरांचं कुत्रं होतं, आणि मास्तर कुत्र्यापेक्षा जास्त भुंकत होते.

एप्रिलचा शेवटचा आठवडा. सोलापूरनं ४३ गाठलेलं. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर इंजेक्शनं टोचत फिरतो. निम्मा दिवस कानातल्या बिल्ल्याचे बारा आकडे मोबाईलवर भरण्यात जातो, तेही रेंज सापडेल तिथं उभं राहून. त्या दिवशीही एका बांधावर हात वर करून उभा होतो तेव्हा फोन आला. "काका, गाय बसलीय. उठंना. जीभ बाहेर आलीय."

पोचायला पाऊण तास लागला. गोठा बघूनच पोटात गोळा आला. पत्रा सात फुटांवर, मी सहज हात वर करून टेकवला असता. पश्चिम बाजू उघडी, ऊन थेट गव्हाणीपर्यंत. गाय पोटावर बसलेली, मान लांब काढलेली, तोंड उघडं, लाळेच्या तारा जमिनीपर्यंत. बरगड्या इतक्या जोरात हलत होत्या की श्वास मोजताना मी दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा नव्वदच्या पुढं भरले. पाठीवर ओलं पोतं. शेजारचे एक अण्णा बांबूच्या नळीतनं ताक आणि कांद्याचा रस पाजायला सरसावलेले. मी गाडीवरनंच ओरडलो. धापणाऱ्या जनावराला असं पाजलं की ते पोटात कमी आणि फुप्फुसात जास्त जातं, मग उन्हातनं वाचलेली गाय न्यूमोनियानं जाते. अण्णांना राग आला. येऊ दे.

पोतंही ओढून काढलं. ओलं पोतं चांगलं, पण ते गोठ्याच्या उघड्या बाजूला, पडद्यासारखं. वारा नसताना अंगावर टाकलं की दहा मिनिटांत ते झाकण होऊन बसतं.

थर्मामीटर १०७.६.

सकाळी कुणीतरी येऊन तापाचं इंजेक्शन देऊन गेलेलं. 'कुणीतरी' म्हणजे कोण हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत असतं, मी लिहीत नाही. रिकाम्या बाटल्या गव्हाणीत पडलेल्या. एक अँटिबायोटिक आणि एक माणसांचं डायक्लोफिनॅक, दुखण्यावरचं औषध, जे दिलेलं मढं खाऊन गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे. ते सोडा. मुळात उन्हाच्या तडाख्याला तापाचं औषध चालतच नाही. आजारातल्या तापात मेंदूच शरीराला वरचा आकडा ठरवून देतो, औषध तो आकडा खाली आणतं. इथं आकडा कुणीच ठरवलेला नसतो, जनावर नुसतं शिजत असतं.

तरी हा तडाखाच आहे हे नक्की करायला हवं होतं. संकरित गाय, उन्हाळा, १०७ ताप, म्हणजे आमच्या डोक्यात पहिल्यांदा गोचीडताप येतो. खांद्याच्या पुढच्या गाठी चाचपल्या, सुजलेल्या नव्हत्या. पापणी उलटून बघितली, पांढरी नाही, पिवळी नाही, लालबुंद. लघवी आईनं सकाळी बघितलेली, रंग नेहमीचा. आणि त्या गाठी चाचपताना माझी बोटं केसांत रुतली. फेब्रुवारीत हरियाणातनं ट्रकनं आणलेली गाय, अंगावर अजून तिकडच्या थंडीचे केस. काळे, दाट, बोटाच्या पेरापेक्षा लांब. एप्रिल संपत आला तरी झडले नव्हते.

पाणी होतं, ड्रमभर. वारा नव्हता. लाईट गेलेली, पंखा बंद. अण्णा अजून रुसून उभे होते, त्यांच्यामागं त्यांचा ट्रॅक्टर आणि त्याला डाळिंब फवारायचा ब्लोअर. मी विचारलं, चालू करता का? टाकीत आदल्या दिवशीचं औषध होतं, म्हणून तिचा कॉक मी स्वतः बंद केला, दोनदा बघितला, नुसता पंखा फिरवायला सांगितला. ब्लोअर गोठ्याच्या तोंडाशी लावला. दोन पोरं तांब्यांनी पाणी ओतायला, मी आणि तो हातानं केस उलटे करून पाणी कातडीपर्यंत चोळायला. मानेच्या शिरेतनं सलाईन. गुदद्वारातनं थंड पाणी चढवायची पद्धत आहे, मी ती टाळतो, कारण मग थर्मामीटर खोटं बोलायला लागतो आणि आपण कुठं आहोत तेच कळत नाही.

वीस मिनिटांनी १०६.२. चाळीस मिनिटांनी १०४.८. १०३ ला पाणी बंद करायला लावलं. पोरांना ते पटेना, पण आकडा नंतर आपोआप खाली येत राहतो, तेव्हाही ओतत बसलं तर जनावर गार पडतं. पाचच्या सुमाराला तिनं जीभ आत घेतली, मग लघवी केली, मग पुढचे गुडघे टेकून उठली. अण्णांनी ट्रॅक्टर बंद केला आणि तेच सगळ्यांना सांगायला लागले, "बगा, ब्लोअरनं वाचली." खरंच होतं ते.

गोठ्याबाहेर चिंचेखाली आईची खिलार बांधलेली होती. आखूड पांढरे केस, खाली काळी कातडी, अंगाला घट्ट बसलेली. या सगळ्या गोंधळात ती रवंथ करत होती. मी तिच्याकडं बघतोय हे बघून वहिनी, म्हणजे त्याची आई, म्हणाल्या, "तिला काय होतंय, डॉक्टरसाहेब. पण दोन लिटर देती. ही चौदा देती. हप्ता हिच्यावर जातो." देशी गायीचे गोडवे गाणाऱ्यांना मी हे वाक्य नेहमी ऐकवतो. हप्ता कुणी भरायचा ते आधी बोला.

हात धुताना तो डायरी घेऊन आला. पान उघडून माझ्यापुढं धरलं. एक ते अकरा. वर रेघ ओढून लिहिलेलं, 'हायलँडसाठी'.

"काका, हे सगळं त्या गाईसाठी लिहून घेतलेलं. हिला तुम्ही काय सांगितलं नव्हतं."

रागानं बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. पत्रा, फट, पाचट, पाणी, पाईप, केस उतरवणं, थर्मामीटर. अकरापैकी अकरा मुद्दे त्या काळ्या-पांढऱ्या गायीचे होते. झिपऱ्या दिसल्या म्हणून मला ती गाय परकी वाटली. ही रोज दिसते म्हणून आपली वाटली. दोघी थंडीच्याच. ही युरोपच्या सपाट ओल्या कुरणांतली, ती डोंगरातली, एवढाच फरक. आणि ही रोज दिसते ती कुणामुळं? तेवीस वर्षं झाली, गोठवलेल्या वीर्याचं नायट्रोजनचं कंटेनर मोटरसायकलला बांधून वस्त्यांवर फिरतोय. विदेशी रक्त निम्म्यावर ठेवा असं कॉलेजात शिकलो होतो. पण संकरित गाय माजावर आली की मालक म्हणतो, परत एचएफचीच भरा, दूध वाढू दे. आणि मी भरतो. निम्म्याचं पाऊण होतं, पाऊणाचं त्याच्यापुढं जातं. कातडी दर पिढीला थोडी थोडी परकी होत जाते, पत्रा मात्र सात फुटांवरच राहतो.

तिसऱ्या दिवशी गाईनं गाभ टाकला. सात महिन्यांची होती, कालवड होती. हातमोजे घालून, खोल खड्डा काढून, चुना टाकून पुरली. ब्रुसेला या गाभ पाडणाऱ्या जंतूसाठी रक्त पाठवलं, रिपोर्ट निगेटिव्ह आला. म्हणजे कारण उन्हाचंच धरायचं. मी पोचायच्या आधी पोटातलं वासरू त्या तापात किती वेळ होतं, याचा हिशेब मी गाडी चालवताना करत असतो. दूध चौदाचं पाचावर आलं.

त्यानं पत्रा उचलला. दहा फूट नाही, साडेनऊ. तेवढ्यातच पैसे संपले. पाचट टाकलं, पाईप गाडला, गायीचे केस सलूनवाल्याच्या जुन्या मशीननं उतरवले, त्यात ती दोन ठिकाणी टक्कल पडल्यासारखी दिसायला लागली. आता माझ्याकडं कुणी गाय घ्यायचं विचारायला आलं की मी ती अकरा कलमं आधी सांगतो. बहुतेक लोक चौथ्याला घड्याळ बघतात.

परवा, जुलैच्या पावसात, त्याचा फोन आला. गाय माजावर आलीय. गेलो. तपासली, वेळ बरोबर होती. कंटेनरचं झाकण काढलं आणि त्याला विचारलं, "काय भरू?" एचएफची भरली तर दूध. जर्सी, साहिवाल होती, खिलारही होती, पण ती सहसा कुणी मागत नाही.

"तुम्हीच सांगा," तो म्हणाला.

मी वाकून कंटेनरच्या तोंडात बघत राहिलो. पांढरी वाफ काठावरनं खाली उतरून बुटांवर पसरत होती. वहिनी दारात उभ्या होत्या. थोडा वेळ वाट बघून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ते झाकण तरी लावा. काय तरी उडून चाललंय तुमचं."