कणकुंबी ते हलशी: खानापूर तालुक्याची वाट

चोर्ला घाटातून गोव्याला पळणाऱ्या गाड्या बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीत क्वचितच थांबतात. आम्ही यावेळी मुद्दाम थांबलो. माउलीच्या देवळाजवळ, सुमारे ७९० मीटर उंचीवर, मलप्रभेचा उगम आहे. इथून अरबी समुद्र जवळ, तरी ही नदी पूर्वेला निघते आणि ३०० किलोमीटर जाऊन कूडलसंगमला कृष्णेत मिळते. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाताना आपल्याला धरणात दिसतं ते हेच पाणी. याच तालुक्यातल्या रानात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला गोव्यात उतरते आणि पुढं मांडवी होते. म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवण्यावरून चाललेला कळसा-भांडुराचा वाद आम्ही वर्षानुवर्षं पेपरात वाचत आलो; तो खरा कळला इथली जमीन डोळ्यांनी बघितल्यावर.

भर पावसात येऊ नका. त्या दिवसांत वनखातं धबधब्यांकडं जायला बंदी घालतं, आणि ते योग्यच आहे. शेवाळलेल्या खडकावर पाय सुटला की धरायला काही नसतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. वज्रपोहा धबधब्याला किंवा भीमगड अभयारण्यात जायचं असेल तर वनखात्याकडं आधी चौकशी करा. गाडीची टाकी खानापुरातच भरा आणि जांबोटीच्या पुढं मोबाईलच्या रेंजवर विसंबू नका.

हलशीसाठी मात्र सकाळ राखून ठेवा. कदंबांची ही पलाशिका, त्यांची दुसरी राजधानी. भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत: एकीकडं बसलेला विष्णू, दुसरीकडं भूदेवीला उचलून धरलेला वराह. मधल्या मंडपात उभं राहिलं की दोन्ही देवांच्या नजरेत आपण असतो. असं देऊळ मी दुसरीकडं पाहिलेलं नाही. बाहेर येऊन पायऱ्यापायऱ्यांनी निमुळतं होत गेलेलं शिखर निवांत बघा; लोक फोटो काढून दहा मिनिटांत निघतात, याचं वाईट वाटतं.

वाटेत नंदगड लागतं. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा शूर सैनिक संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी १८३१ साली इथंच फाशी दिलं. समाधीपाशी थांबल्याशिवाय पुढं जाऊ नका.

पाट्या कन्नडमध्ये असल्या तरी काळजी नको, गावागावांत मराठीत वाट सांगतात. हलशी-नंदगड एका दिशेला, कणकुंबी दुसऱ्या. दोन्ही एकाच दिवसात कोंबू नका. रेल्वेनं येणाऱ्यांना खानापूर स्टेशन सोयीचं. कुंदा घ्यायचा तो परतताना बेळगावात.