कोरड्या हौदात उतरले तेव्हा

रविवारी सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात गेले होते, मैत्रिणीने फक्त एवढंच सांगितलं होतं की न घसरणारी चप्पल घालून ये. चौकातल्या कोरड्या हौदात आर्किटेक्चरच्या काही मुलांनी इन्स्टॉलेशन केलंय, म्हणजे आत शिरून अनुभवायची कलाकृती! एका वेळी सहाच जण, मोबाइल वर ठेवायचा आणि दगडी पायऱ्या उतरून खाली.

खाली मिट्ट काळोख. आधी काहीच कळेना, मग कुठूनतरी थेंब पडल्याचा आवाज, मग दुसरा, आणि हळूहळू पाणी खळाळत आपल्याच दिशेने येतंय असं वाटायला लागतं, भिंतीवरचा निळसर उजेड घोट्यापासून गळ्यापर्यंत चढत जातो आणि मी खरंच श्वास रोखून धरला होता. भिंतीला हात लावला तर चुना गारेगार, जरासा ओलसर.

कात्रजचं पाणी नानासाहेब पेशव्यांनी १८व्या शतकात जमिनीखालच्या नळातून शहरात आणलं, पंप नाही काही नाही, नुसत्या उतारावर, आणि ते पेठांमधल्या हौदांत पडायचं. हे शाळेपासून माहितीये, पण अंगाला जाणवलं ते आत्ता.

शेजारी एक आजी होत्या. उजेड वर आला तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला, म्हणाल्या, "अगं, अस्साच आवाज यायचा, कळशी बुडवली की." नंतर बराच वेळ त्या बोलल्या नाहीत, मीही नाही.

पुढच्या रविवारपर्यंत आहे. आईला नेणारे, तिचे गुडघे दुखतात पण पायऱ्या आठच आहेत, धरून उतरवेन.