रायगडची सहल आणि जावक क्रमांक

सहलीचं परवानगीपत्र हातात पडलं ते निघायच्या आदल्या दिवशी, पावणेसहाला. पालकांची संमतीपत्रं, मुख्याध्यापकांचं हमीपत्र, एसटीचा प्रासंगिक करार, सगळं आठवड्यात झालं होतं. अडलं ते एका कार्यालयातल्या एका टेबलावर.

पहिल्या खेपेला कारकून रजेवर. दुसऱ्या खेपेला, "प्रस्तावावर जावक क्रमांक कुठाय, सर?" आमची शाळा किनाऱ्यावर, एका आकड्यासाठी खाडीला वळसा घालून परत. तिसऱ्या खेपेला 'शैक्षणिक महत्त्व' हा रकाना त्रोटक ठरला. मी लिहिलं होतं, 'गंगासागराजवळचे मनोरे पाहणे.' मग तिथेच बाकावर बसून रकाना भरला. मनोरे द्वादशकोनी, पूर्वी पाच मजली होते असं सांगतात. जगदीश्वराच्या शिलालेखात 'स्तंभ' म्हटलंय ते हेच असावेत. देवळाजवळ महाराजांची समाधी. १६७४ चा राज्याभिषेक. २०२५ साली जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ किल्ल्यांत रायगड. कारकुनाने सगळं वाचलं, मान डोलावली आणि विचारलं, "किल्ला रायगड आणि जिल्हाही रायगड लिहिलंय. जायचं नक्की कुठे?"

चौथ्या खेपेला साहेबांनी न वाचताच सही केली. राग त्याचाच जास्त आहे.

तेव्हा पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवा. मुलींबरोबर शिक्षिका हवीच, तिचं नाव यादीत आधीच घाला. पायी चढणार असाल तर उजाडता पाचाडला पोचा आणि जिजाऊंची समाधी तेव्हाच पाहून घ्या. उतरल्यावर पाहू म्हटलंत तर दमलेली पोरं गाडीतून हलत नाहीत. आमची हलली नाहीत. आणि हो, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं, प्रस्तावाला महिना धरा.

जगदीश्वराच्या पायरीवरची धूळ पुसून एका मुलाने मोठ्याने वाचलं, "सेवेचे ठायी तत्पर..." मला हसू आलं. का, ते मुलांना सांगितलं नाही.

मनोऱ्यापाशी आठवीतल्या दोघी बोटाने कोन मोजत फिरल्या. एकीचे अकरा भरले, दुसरीचे बारा. ते भांडण परतीच्या गाडीत पोलादपूर येईपर्यंत चाललं होतं.