तोच फोटो, पुन्हा एकदा

फोटोग्राफीचा पायाभूत वर्ग मी पुण्यात केला. कॅमेरा साधा होता, क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा डीएसएलआर आणि सोबत मिळणारी १८-५५ मिलीमीटरची किट लेन्स. लेन्स ३५ वर आणून झूमच्या रिंगवर चिकटपट्टी लावायची, हा पहिल्या दिवसाचा नियम. क्रॉप सेन्सरवर ३५ मिलीमीटरला जेवढं दिसतं तेवढंच फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरवर, साधारण ५० ला दिसतं. झूम बंद झाला की पाय हलवावे लागतात. फोटोतले बहुतेक दोष कॅमेऱ्याचे नसून उभं राहण्याच्या जागेचे असतात, हे त्या चिकटपट्टीमुळे लवकर कळलं.

प्रत्येक प्रोजेक्टच्या तीन फेऱ्या असत. फोटो काढायचे, वर्गात क्रिटिक, म्हणजे सगळ्यांनी मिळून फोटोची तपासणी, व्हायचं आणि आठवड्याच्या आत तोच फोटो पुन्हा काढून आणायचा. तिसरी फेरी टाळली तर पहिल्या दोन वाया जातात, असं माझं ठाम मत आहे.

पहिला विषय होता पितळी तांब्या, खिडकीच्या उजेडात, ३६ फ्रेम. पितळ स्वतः फारसं दिसतच नाही. त्यात समोरची खोली दिसते. माझ्या पहिल्या फोटोंत तांब्याच्या पोटावर खिडकीचे गज, माझा शर्ट आणि ट्रायपॉडचे पाय होते. म्हणजे उजेड तांब्यावर नव्हे, तांब्याच्या भोवती रचावा लागतो. खिडकीवर पांढरं सुती कापड ताणून लावलं की गज नाहीसे होऊन एक मऊ पांढरा पट्टा उरतो. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा ठेवला की सावली उजळते, आणि त्याच जागी काळा कार्डपेपर ठेवला की तांब्याची कड गडद होऊन बॅकग्राउंडपासून सुटते. पुन्हा काढताना काळा कार्डपेपरच कामी आला. सेटिंग दोन्ही वेळा तेच होतं: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) ८, दोन सेकंदांचा टायमर.

क्रिटिकची पद्धत नीट सांगतो, कारण वर्गाचं मर्म तिथेच होतं. फोटो मोबाइलवर दाखवायचे नाहीत. चार बाय सहाचे प्रिंट टेबलावर मांडायचे, नाव मागच्या बाजूला. पहिलं एक मिनिट कोणी बोलायचं नाही. मग फक्त काय दिसतंय ते सांगायचं, चांगलं-वाईट नाही. त्यानंतर डोळा आधी कुठे गेला आणि कुठे अडकला, ते बोट ठेवून दाखवायचं. ज्याचा फोटो तो शेवटपर्यंत गप्प, कारण ‘तिथे गर्दी होती म्हणून’ हे स्पष्टीकरण प्रिंटसोबत कुठेच जात नाही. ‘छान’ या शब्दाला बंदी. एवढं झालं की प्रिंट उलटा करायचा. उलट्या फोटोत चेहरा, पाटी, वस्तू ओळखण्यात मन गुंतत नाही आणि कोपऱ्यातला पांढरा डाग, कडेवर अर्धवट कापलेला हात लगेच खुपतो. शेवटी एकच सूचना लिहून घ्यायची, तीही करता येईल अशी: ‘दोन पावलं डावीकडे’, ‘गुडघ्यावर बसून’, ‘एक स्टॉप कमी’, म्हणजे उजेड निम्मा. ‘कंपोझिशन सुधारा’ ही सूचना नव्हे. क्रॉप करू, म्हणजे फोटो नंतर कडेने कापू, हे उत्तरही बऱ्याचदा पळवाट ठरतं. क्रॉपने कडा साफ होतात, पण डोक्यातून उगवलेला विजेचा खांब हलत नाही; त्यासाठी माणसानेच हलायला हवं.

पॅनिंगच्या प्रोजेक्टमध्ये सगळेच अडखळले. चालत्या सायकलीबरोबर कॅमेरा फिरवत १/३० सेकंदाच्या शटरला फोटो घ्यायचा. भर दुपारी ते जमत नाही. कडक उन्हात आयएसओ १०० आणि एफ १६ ला शटर साधारण १/१०० येतो. १/३० वर जायचं तर जवळजवळ पावणेदोन स्टॉप उजेड कमी करावा लागतो, आणि लेन्स एफ २२ च्या पुढे मिटवली की फोटो मऊ पडतो. एकतर संध्याकाळी जायचं किंवा तीन स्टॉप उजेड अडवणारा एनडी ८ फिल्टर लावायचा. पाय रोवून कंबरेतून वळायचं, फोकस कंटिन्युअसवर, म्हणजे सतत जुळत राहील असा, ठेवायचा आणि शटर पडल्यावरही वळणं थांबवायचं नाही. थांबलं की नेमका तिथेच झटका बसतो. माझ्या चाळीसेक फ्रेममधल्या तीन जमल्या होत्या, तरीही त्या क्रिटिकमध्ये पडल्या. सायकलस्वार स्पष्ट होता, पण मागे सपाट राखाडी भिंत होती. सपाट भिंतीवर रेघा उमटत नाहीत, म्हणून वेगही दिसत नाही. पुढच्या खेपेला झाडं आणि रंगीत फलक असलेल्या कंपाउंडसमोर उभा राहिलो, सेटिंग तेच ठेवलं आणि फोटो धावला.

पांढऱ्या कापडावरची अंडी हा प्रोजेक्ट छोटा, पण कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरवरचा आंधळा विश्वास काढून टाकणारा. मीटर समोरच्या सगळ्याला मध्यम राखाडी धरतो, त्यामुळे अंडी मळकी येतात. एक ते पावणेदोन स्टॉप प्लस द्यावे लागतात. काळ्या दगडाच्या मूर्तीला उलट, तेवढेच मायनस. उजेड मात्र बाजूनेच हवा. पांढऱ्यापासून पांढरं वेगळं करते ती फक्त सावली.

शेवटचा प्रोजेक्ट महात्मा फुले मंडईवर, दहा फोटोंची कथा. बाहेर निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या विक्रेत्यांचे चेहरे निळसर आणि पुढ्यातले टोमॅटो उन्हात. एकाच फ्रेममध्ये दोन रंगांचे उजेड असले की एकच व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) दोघांना पुरत नाही. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढूनही चेहरा सुधारला की टोमॅटो केशरी होतात. उपाय एकच, अख्खी फ्रेम एका उजेडात येईल तिथे उभं राहायचं. आत काही एलईडी दिव्यांखाली १/५०० ला आडवे काळे पट्टे आले. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० वर आणला की पट्टे जातात. विक्रेत्यांना विचारून फोटो काढायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना प्रिंट नेऊन द्यायचा. तिसऱ्या दिवसापासून कोणी कॅमेऱ्याकडे बघत नाही आणि खरे फोटो तेव्हा सुरू होतात.

भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या काळातल्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यात १२० नंबरच्या फिल्मच्या एका रोलवर १२ फोटो बसत. मंडईत आम्हालाही एका खेपेला १२ फ्रेमच मिळत. तरी अठरा खेपांत २१६ झाल्या. त्यातल्या ३० चे प्रिंट जमिनीवर पसरले. दोन फोटो एकच गोष्ट सांगत असतील तर एक बाहेर, कितीही आवडता असला तरी. माझा आवडता हातांचा फोटो असाच गेला, कारण तराजूच्या फोटोत तेच हात काम करताना दिसत होते. उरलेल्यांत क्रिटिकने एक भोक दाखवलं: भाजी विकली जाताना सगळीकडे होती, येताना कुठेच नव्हती. मग पहाटे पाचला टेम्पो रिकामे होताना गेलो. आयएसओ ३२००, एफ ४.५, १/५०. बाराव्या फ्रेममध्ये कोथिंबिरीची जुडी हवेत होती, झेलणाऱ्याचे हात स्थिर. तो फोटो पहिल्या क्रमांकावर लागला आणि आधीचा पहिला, मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्याचा, दहातून बाहेर पडला.